जर्सी, एक

मुंबईची थंडी रजेवर आलेल्या शिपायासारखी असते. उशिरा येते, लवकर परत जाते, आणि असते तेवढे दिवस घर डोक्यावर घेते. यंदा ती संक्रांतीच्या सुमाराला आली. सकाळी उठले तर आमच्या नव्या इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर खिडकीतून असा वारा शिरत होता की चहा कपात ओतेपर्यंत कोमट झाला. मी लगेच कामाला लागले. परळच्या एका रुग्णालयात चादरी, अभ्रे आणि ब्लँकेटं यांच्या भांडाराची मी व्यवस्था बघते. त्यामुळे घरातली कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. शाली वरच्या कप्प्यात, मफलर डावीकडे, बाबांची माकडटोपी मफलरांच्या मागे. आणि नायगावच्या चाळीतून आणलेल्या काळ्या ट्रंकेत, सगळ्यांच्या तळाशी, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात, एक हिरवी जर्सी.

"ती पण काढ," आई म्हणाली.

मी काढली. पाला झटकला. जर्सी अजून दणकट आहे. तिच्या खांद्यावरच्या कापडी ठिगळांना नाक लावलं तर, माझी पैज आहे, अजून बांगड्याच्या तिखल्याचा वास येतो.

बाबा लष्करात होते. मी चौथीत होते तेव्हा ते नायक होते, म्हणजे दंडावर दोन फिती, आणि वर कुठेतरी बर्फात राहायचे. आम्ही खाली नायगावात राहायचो, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. त्यांचा पगार दोन ठिकाणी फुटायचा. साबण, विडी आणि पोस्टाच्या पाकिटांपुरतं ते स्वतःजवळ ठेवायचे, बाकी मनीऑर्डरने आमच्याकडे यायचं. चाळीत सगळे गिरणीतले. त्यांना पगारासाठी खिडकीसमोर रांग लावावी लागे. आमचा पगार मात्र पोस्टमन जिने चढून घेऊन यायचा आणि वर चहा पिऊन जायचा. त्यामुळे आम्ही फार पैसेवाले आहोत असा चाळीचा पक्का समज होता. पोस्टमन खाली उतरेपर्यंत वाणी, दूधवाला आणि शाळेची फी यांच्यात त्या नोटांची वाटणी झालेली असे, हे आईने कुणाला कळू दिलं नाही. महिन्याच्या मध्यावर मनीऑर्डर धापा टाकू लागे, आणि तिथून पुढे घर खानावळ ओढायची.

खानावळ म्हणजे सहा पुरुष. सगळे कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून गिरणीत लागलेले. तिघे पहिल्या पाळीचे, तिघे दुसऱ्या. राहायचे तळमजल्यावरच्या एका खोलीत, जेवायचे आमच्याकडे. आई पहाटे उठून भाकऱ्या थापायला घ्यायची ती गिरणीचे भोंगे वाजून विरून गेले तरी थापतच असायची. मला तिचे हात कधी कोरडे आठवत नाहीत. एक तर त्यांना पीठ, नाहीतर पाणी, नाहीतर माशाचं खवलं लागलेलं. आणि हे तिन्ही नसेल तेव्हा लोकर.

कारण लष्कराचा पगार नोटांपेक्षा लोकरीत जास्त येत असे. बर्फातल्या माणसाला सरकार लोकरीचं सगळं देतं. मोजे, हातमोजे, जर्सी, गळ्याभोवतीची पट्टी. या वस्तू वापरून विरल्या की त्यांना 'कंडम' म्हणत. बाबा स्वतःच्या आणि मित्रांच्या कंडम वस्तू गोळा करून वर्षातून एकदा रजेवर येताना घेऊन यायचे. मुंबईत त्याचा उपयोग शून्य. ज्या शहरात माणूस पंख्याखाली घामाघूम होतो तिथे आमच्याकडे हिमालयाला पुरेल एवढी लोकर. पण आईने उपयोग काढला. ती जर्सी उसवायची, धागा धुवायची आणि चाळीतल्या बाळांच्या टोप्या, मोजे, झबल्यावरचे स्वेटर विणायची. त्या बदल्यात कुणी गावचे तांदूळ द्यायचं, कुणी सोडे, कुणी नारळ. आमच्या चाळीत त्या काळात जन्मलेलं प्रत्येक बाळ हिरव्या टोपीत वाढलं. गॅलरीतून खाली बघितलं की अंगणात रांगणारी एक छोटी पलटण दिसायची.

रम हा पगाराचा आणखी एक प्रकार. बाबा स्वतः घेत नसत. बाटली विकायची नाही हा त्यांचा कडक नियम होता. द्यायची नाही असा नियम मात्र नव्हता. त्यामुळे आमच्या खोलीचा नळ, कौलं आणि रॉकेलचा डबा यांची कामं चाळीत सगळ्यात आधी होत.

बाबांची रजा हिवाळ्यात यायची, आणि माझ्या लेखी तोच हिवाळा. मुंबईच्या हवेत गारवा असो नसो, व्हिक्टोरिया घोडागाडीच्या मागे ट्रंक आणि वळकटीचा होल्डॉल बांधून बाबा चाळीच्या दारात उतरले की थंडी सुरू. पहिले दोन दिवस ते झोपायचे. त्यांच्या झोपेत खानावळीची पंगत कुजबुजत जेवायची. तिसऱ्या दिवसापासून ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची बराक करायचे. चपला एका रेषेत, तांब्याभांडं चकचकीत, गोधड्यांच्या चौकोनी घड्या. मला ते सगळं मनापासून आवडायचं. आईला अजिबात नाही. वर्षाचे दहा महिने ती एकटी किल्ला लढवायची आणि मग हा माणूस येऊन तिच्या मसाल्याच्या डब्यांना उंचीप्रमाणे उभं करायचा.

"हळद कुठाय?" ती विचारायची.

"मधल्या रांगेत, उजवीकडून दुसरी."

"ती फोडणीजवळ हवी. रांगेत उभी राहून फोडणी होत नाही."

त्या वर्षी मात्र ती फारसं बोलली नाही, कारण बाबांनी येतानाच एक बातमी आणली होती. तिसरी फीत ठरली होती. परत गेल्यावर एकदा सगळ्या सामानाची तपासणी, मग बाबा हवालदार. हवालदार म्हणजे पगारवाढ, आणि ती वाढ आईने बाबांच्या हातात पडायच्या आधीच खर्च करून टाकली होती. तिला साडी नको होती, बांगड्या नको होत्या. तिसरी फीत आली की खानावळ बंद. एवढंच. संध्याकाळी गॅलरीत पाट टाकून, हातात काही न घेता बसायचं. हे तिने एकदा मला, एकदा बाबांना आणि भाकरी थापता थापता बऱ्याचदा तव्याला सांगितलं होतं.

खानावळीच्या सहा मेंबरांनाही ते माहीत होतं. त्यांच्यातले रंगखात्यातले पेडणेकरकाका ताटावर बसले की म्हणायचे, "जेवा रे पोटभर. हवालदार आले की आपली पंगत उठली."

आता चूक कशी झाली ते सांगते. चांगलं सामान ट्रंकेत आणि कंडम सामान होल्डॉलमध्ये, ही आमच्या घराची कायमची पद्धत. त्या वर्षी बाबांनी गाडीत डोक्याखाली घ्यायला म्हणून एक जर्सी होल्डॉलमध्ये गुंडाळली. ते गाढ झोपलेले असताना आईने नेहमीप्रमाणे होल्डॉल उघडला आणि दुसऱ्या सकाळी उसवायला बसली. मी समोर दोन्ही हात पुढे धरून बसले होते, धागा गुंडाळायला. आई खूश होती. यंदाची लोकर काय मऊ आली आहे, कुठे विरलेली नाही, कुठे गाठ नाही, असं म्हणत होती. सरकारला अक्कल आली असं तिचं मत पडलं. खांद्यावरची कापडी ठिगळं तिने कापून चुलीवरची भांडी उतरवायला घेतली. आठवड्याभरात तीन स्वेटर, पाच टोप्या आणि मोज्यांचे काही जोड घरोघर पोचले. तळमजल्यावरच्या सरोजताईंच्या मिलिंदची टोपी सगळ्यात देखणी झाली होती. वर गोंडा होता.

मुंबईत जर्सी कुणाला आठवते? बाबांना ती आठवली परत जायला आठवडा उरला तेव्हा, सामान लावताना.

"होल्डॉलमधली जर्सी कुठे ठेवलीस?"

"कुठली?"

"उशाला घेतली होती ती."

आईने भाकरी थापायची थांबवली. "ती कंडम नव्हती?"

"इश्यूची होती. नवी."

आईने हाताचं पीठ झटकलं. ती उठली आणि गॅलरीत गेली. तिच्या मागे बाबा, बाबांच्या मागे मी. खाली अंगणात बाबांची जर्सी चारी दिशांना रांगत होती. एक बाही नळापाशी, पाठ जिन्याच्या पायरीवर, आणि गळ्याचा भाग गोंड्यासकट सरोजताईंच्या कडेवर.

बाबांनी मग शांतपणे समजावलं. जर्सीचे पैसे पगारातून कापले असते तरी चाललं असतं. पण सामान हलगर्जीपणाने हरवलं की नावापुढे लाल शाईचा शेरा पडतो, आणि लाल शेरा असलेल्याला फीत मिळत नाही. आई खाटेवर बसली. मला वाटलं आता ती रडेल. तिने विचारलं, "तपासणीत काय काय बघतात?" तिथे मला कळलं की ही बाई हार मानणार नाही.

रात्रीच्या पंगतीत सभा भरली. पेडणेकरकाकांनी चोरबाजार सुचवला. चोरीचा लष्करी माल विकत घेणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला लाल शाईसुद्धा पुरत नाही, असं बाबांनी सांगितलं. मग एकच मार्ग राहिला. जेवढी जर्सी वाटली तेवढी परत गोळा करायची आणि पुन्हा विणायची. कापडगिरणीतली माणसं ती. त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच खाती उभी राहिली. उसवणार कोण, गुंडाळणार कोण, रंगवणार कोण. प्रत्येकाला मत होतं आणि प्रत्येक मत दुसऱ्याच्या खात्याबद्दल होतं.

मध्येच एक मेंबर घास थांबवून म्हणाला, "म्हणजे आपल्याच पोटावर आपण पाय द्यायचा?"

कुणी हसलं नाही. खरंच होतं ते. जर्सी झाली नाही तर फीत नाही, फीत नाही तर खानावळ चालू. नुसते हातावर हात ठेवून बसले असते तरी त्यांचं जेवण सुटणार नव्हतं.

पेडणेकरकाकांनी ताटातला शेवटचा भात निपटला. "रंग गेलो तर माझां नाव बदला, वैनी," ते म्हणाले. "उद्या मोठां पातेलां मोकळां ठेवा."

गोळा करणं सोपं नव्हतं. स्वेटर परत मिळाले, पुढच्या वर्षी दोन-दोन देण्याच्या बोलीवर. मोजे मिळाले. एक टोपी तिच्या मालकासकट कणकवलीला गेली होती, तिच्यावर पाणी सोडलं. राहिली गोंड्याची. सरोजताई द्यायला तयार होत्या, पण मिलिंद नव्हता. टोपी काढली की तो निळा पडेपर्यंत रडायचा आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. शेवटी ही कामगिरी बाबांवर आली. त्यांनी आधी पाहणी केली. बाळ कधी झोपतं, कुठल्या कुशीवर, पाळण्याची कुठली बाजू कुरकुरते. मग तिन्हीसांजेला ते बूट काढून सरोजताईंच्या खोलीत शिरले आणि पोटावर सरपटत पाळण्यापाशी गेले. सरपटायची काही गरज नव्हती, सरोजताईंनी तसं सांगितलंसुद्धा. पण ज्याची त्याची सवय. गोंड्याची टोपी निघाली, तिच्या जागी बाबांनी स्वतःचा एक मोजा चढवला, आणि मिलिंद झोपेत हसला. सीमेवर बाबांनी काय पराक्रम केले ते मला ठाऊक नाही, ते कधी सांगत नाहीत. हा एक मात्र ते आजही सांगतात, आणि दर वेळी पाळणा थोडा उंच झालेला असतो.

पुढचे दिवस आमच्या खोलीत गिरणी चालली. उसवलेला धागा कुरळा असतो. तो धुऊन, वजन लटकवून वाळवला तरच सरळ होतो. गॅलरीभर हिरव्या लडी टांगल्या होत्या आणि प्रत्येक लडीच्या टोकाला बाबांचा एकेक बूट. रंगाची पुडी लालबागच्या बाजारातून आणली, कारण गिरणीतून चिमूटभरही काही आणायचं नाही असा बाबांचा हुकूम होता. पेडणेकरकाकांनी खानावळीच्या पातेल्यात रंग उकळला. बाळांनी चोखून फिके केलेले धागे आणि न चोखलेले धागे पुन्हा एका रंगाचे झाले. पातेलं राखेने कितीही घासलं तरी पुढे काही दिवस आमटीला हिरवी छटा होती. मेंबर डोळे मिटून जेवले.

विणायला आई आणि सरोजताई बसल्या. पुढचा आणि मागचा भाग आईचा, बाह्या सरोजताईंच्या. भाकऱ्या त्या आठवड्यात मेंबरांनी स्वतः थापल्या. त्या मी खाल्ल्या आहेत, त्याविषयी इथे लिहीत नाही. सरोजताईंचा हात घट्ट, आईचा सैल. दोघी एकमेकींना शेवटपर्यंत हात सुधारायला सांगत राहिल्या. डावी बाही मनगटाच्या वर चार बोटं असताना लोकर संपली. कणकवलीची टोपी तिथे नडली. ठिगळं तीन वेळा धुऊन खांद्यावर परत शिवली, तरी त्यांच्यातून तिखलं हटलं नाही. बाबांनी जर्सी घातली, आरशासमोर उभे राहिले, आणि डावा हात कोपरात किंचित वाकवला. तसा वाकवला की बाही बरोबर दिसायची.

ते गेले. थंडीही गेली. आई भाकऱ्या थापत राहिली आणि पोस्टमन जिना चढताना दिसला की तिचा हात मंद व्हायचा. मनीऑर्डर एक दिवस वाढून आली. आईने नोटा दोनदा मोजल्या, पोस्टमनला चहाबरोबर लाडू दिला, आणि नुसतं "झालं" म्हणाली.

पण कसं झालं, ते कळायला पुढच्या रजेपर्यंत थांबावं लागलं. बाबा आले, दंडावर तीन फिती. या वेळी आईने त्यांना झोपू दिलं नाही. खाटेवर बसवलं, समोर बसली. आत सरोजताई, दारात पेडणेकरकाका.

"काय म्हणाले जर्सी बघून?"

बाबांनी टोपी काढली. "सगळं सामान खाटेवर मांडायचं असतं. घडी घालून."

"मग?"

"साहेब यादी घेऊन आले. बूट, जोड दोन. ब्लँकेट, चार. जर्सी, एक. पुढे गेले."

"उघडून नाही बघितली?"

"नाही."

"हातात तरी घेतली?"

"काठीने दाखवली."

 मग आईला जो राग आला तो लाल शाईच्या दिवशीही आला नव्हता. एवढा आठवडा, दोन बायकांची बोटं, बाळाची झोप, एक पातेलं, आणि त्या माणसाने घडी उलगडून बघितली नाही. सरोजताईंना तर बाहीचा घट्ट विणलेला काठ कुणी पाहिला नाही याचं जास्त वाईट वाटलं. बाबा म्हणत होते की न बघितल्यामुळेच तर निभावलं. ते दोघींपैकी कुणालाही पटलं नाही. पास होणं वेगळं आणि बघितलं जाणं वेगळं, हे मी त्या दिवशी शिकले. भांडारात आजही मी चादरी घडीवर मोजत नाही. उलगडते. नव्या मुली कंटाळतात.

खानावळ तोवर बंद झाली होती. त्याची पहिली संध्याकाळ मला लख्ख आठवते. आईने गॅलरीत पाट टाकला, बसली, आणि तिची पंचाईत झाली. हात मांडीवर ठेवले, मग कठड्यावर, मग पदराखाली. खालून पहिल्या पाळीचे मेंबर दुसऱ्या खानावळीकडे निघाले होते. पेडणेकरकाकांनी वर बघून विचारलं, "कसां वाटता, वैनी?"

"हात कुठे ठेवायचे ते कळत नाही," आई म्हणाली.

ते सगळे हसले आणि जेवायला गेले. आई तशीच बसून राहिली. हळूहळू तिच्या हातांना जागा सापडली. सणावाराला मेंबर आमच्याकडेच जेवायचे, पण मग पाहुणे म्हणून, पाट-रांगोळीने.

जर्सी पुढे रीतसर कंडम होऊन घरी आली, पण ती आईने उसवली नाही. चाळ गेली, भोंगे गेले, अंगणातली पलटण पांगली. मिलिंद चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या आमच्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर राहतो. त्याला टक्कल पडलं आहे. आपल्या डोक्याला लहानपणी वारा लागला म्हणून, असं तो लिफ्टमध्ये बाबांना ऐकवतो. बाबा त्याला मोजा देऊ करतात.

तर परवा, त्या गार सकाळी, मी जर्सी आईच्या हातात दिली. तिने ती टीपॉयवर ठेवली. घडी तशीच. बाबा पेपर वाचत होते.

"अहो, हे बघा."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "जर्सी, एक," ते म्हणाले आणि परत पेपरात गेले.

"उघडून बघा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि जर्सी दोन्ही हातांनी उलगडून खिडकीच्या उजेडात धरली. मी डबे लावायचे थांबवले. त्यांनी गळा बघितला. पाठ बघितली, वीण बोटाने चाचपली. खांद्याचा वास घेतला. उजवी बाही, मग डावी. कसलीही घाई नाही. साहेबांना लागला असेल त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ घेतला.

"डावी बाही चार बोटं आखूड आहे," ते म्हणाले.

"आहे," आई म्हणाली.

"बाकी ठीक. पास."

"मग घाला. गार आहे."

त्यांनी ती घातली. डावा हात आपोआप कोपरात वाकला. आई खिडकीपाशी बसली. तिचे हात मांडीवर होते, एकावर एक, कोरडे.